गायिकेच्या आवाजाला दाद देताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत परदेशी गायिकांविषयी अधूनमधून येणारे लेखन मी अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे. सोल (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून घडलेले लोकप्रिय संगीत) आणि पॉप गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजांनी माझ्या आयुष्याचा मोठा भाग व्यापलेला असल्यामुळे असा लेख दिसला की बाकीचा अंक बाजूला ठेवून मी आधी तो वाचते. परंतु वाचून झाल्यावर बहुतेक वेळा एक चुटपुट लागून राहते, आणि ती आज आपल्यापुढे व आपल्या वाचकांपुढे मांडावी असे वाटले. या लेखांत गायिकेच्या आवाजाबद्दल सहसा दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात. तिचा आवाज किती सप्तके फिरतो ही एक, आणि तिचे आयुष्य किती हालअपेष्टांत गेले ही दुसरी. पहिल्या पद्धतीत आवाज उंच उडीसारखा मोजला जातो, तर दुसरीत तो दुःखातून आपोआप बाहेर पडलेला हुंदका ठरतो. दोन्हींत गायिका गाताना नेमके काय करते हे सांगायचे राहून जाते. तिने कोणता शब्द ठेक्याच्या मागे रेंगाळत ठेवला, श्वास कुठे घेतला, वर चढण्याची संधी समोर असताना ती कुठे चढली नाही, या निर्णयांत तिची कला असते, आणि दाद द्यायची तर ती तिथे द्यायला हवी, एवढेच मला म्हणायचे आहे.

अरेथा फ्रँकलिन यांच्यापासून सुरुवात करते, कारण त्यांच्याविषयी सर्वांत जास्त लिहिले जाते आणि तरीही सर्वांत कमी ऐकून लिहिले जाते असे माझे मत आहे. १९४२ साली मेम्फिसमध्ये जन्मलेल्या आणि डेट्रॉइटमध्ये, वडील धर्मोपदेशक असलेल्या चर्चमध्ये गात वाढलेल्या या गायिकेने १९६० पासून कोलंबिया या कंपनीसाठी काही वर्षे ध्वनिमुद्रणे केली. त्यांत आवाज हाच होता, ताकदही हीच होती, पण तो आवाज कोणत्या घरात राहणार हे कोणालाच ठरवता येत नव्हते. १९६६ च्या अखेरीस त्या अटलांटिक कंपनीकडे आल्या, पियानोवर स्वतः बसल्या, आणि गाणे त्यांच्या हातांतून निघून गळ्यात येऊ लागले. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ‘रिस्पेक्ट’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते मूळ ओटिस रेडिंग यांचे होते, त्यांनीच लिहिलेले आणि १९६५ मध्ये त्यांनीच गायलेले. त्यात कमावून घरी परतणारा पुरुष घरातल्या स्त्रीकडे मान मागत होता. अरेथा यांनी मागणाऱ्याची जागा बदलली एवढे सगळेच सांगतात. ती जागा त्यांनी गाण्यात कशी बदलली, हे मात्र कान देऊन ऐकण्यासारखे आहे.

मूळ गाण्यात शीर्षकाचा शब्द अक्षर-अक्षर सुटा करून म्हटलेला नाही. तो भाग अरेथा यांच्या गाण्यात आला. आर, ई, एस, पी, ई, सी, टी ही सात अक्षरे येतात तेव्हा वाद्ये थांबून थांबून वाजतात आणि काही क्षण गळाच तालवाद्याचे काम करतो. प्रत्येक अक्षर ठेक्यावर असे बसते की पुढच्या अक्षराची वाट पाहण्यावाचून ऐकणाऱ्याला गत्यंतर राहत नाही. मागे त्यांच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, एक छोटा वाक्प्रचार चढत्या झपाट्याने पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. चर्चमधल्या गाण्यात एकाने हाक द्यावी आणि समुदायाने तिला ओ द्यावी अशी जी रीत आहे, तीच इथे तिघी बहिणींनी एका घरगुती भांडणात आणून बसवली आहे. मध्ये किंग कर्टिस यांचा सॅक्सोफोन येतो, तोही वेगळ्याच स्वरसंगतीवर, म्हणजे गाणे घटकाभर दुसऱ्या खोलीत जाऊन परत येते. या सगळ्या रचनेमुळे मागणीतली अजिजी नाहीशी होते. आवाज मोठा आहे म्हणून हे घडत नाही, कारण मोठा आवाज रेडिंग यांच्याकडेही होता. हा बांधकामाचा परिणाम आहे आणि बांधणारी व्यक्ती गायिका आहे.

आता यातली एक बाब मला कधीही पचलेली नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवरून गाणे वाजले की रॉयल्टी मिळते ती गीतकार-संगीतकाराला. ज्याच्या आवाजात गाणे वाजते त्या गायकाला किंवा गायिकेला त्या प्रसारणाबद्दल काहीही मिळत नाही. डिजिटल प्रसारणासाठी १९९५ पासून कायदा बदलला, परंतु जुन्या रेडिओ केंद्रांची सूट तशीच राहिली. त्यामुळे मान मागणारे हे गाणे रेडिओवर जितक्या वेळा वाजले, तितक्या वेळा मोबदला रचनाकाराच्या बाजूला गेला आणि ते गाणे जगाच्या ओठांवर ज्या रूपात बसले ते रूप घडवणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने राहावे लागले. रेडिंग यांचा हक्क खराच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या समजुतीबद्दल, की शब्द आणि चाल लिहिणारा निर्माण करतो आणि गाणारी व्यक्ती केवळ पोहोचवते. आपण ‘निसर्गदत्त आवाज’ असे कौतुकाने लिहितो, तेव्हा नकळत याच समजुतीला हातभार लावतो, कारण जे निसर्गाने दिले त्याचा मेहनताना कोणी मागत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रॉबर्टा फ्लॅक आहेत. वयाच्या १५ व्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून हॉवर्ड विद्यापीठात संगीत शिकायला गेलेल्या या पियानोवादक गायिकेने ‘द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युवर फेस’ हे गाणे १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित केले. युअन मॅकॉल यांनी १९५७ मध्ये पेगी सीगर यांच्यासाठी लिहिलेले ते एक छोटे, लोकगीताच्या चालीने जाणारे गाणे होते. फ्लॅक यांनी त्याची लय इतकी संथ केली की ते पाच मिनिटांच्या पुढे गेले. ते पहिल्यांदा ऐकताना मला वाटले होते की एवढ्या विलंबित लयीत हे गाणे कोसळेल. ते कोसळत नाही, कारण दोन ओळींमधली शांतता त्या रिकामी सोडत नाहीत. मागच्या ओळीचा शेवटचा स्वर हळूहळू विरत असतानाच पुढच्या ओळीचा श्वास भरलेला असतो. आपल्याकडे ज्याला ठहराव म्हणतात तो हाच. तीन वर्षे हे गाणे जवळजवळ कोणाच्या लक्षात आले नाही. क्लिंट ईस्टवुड यांनी ते आपल्या १९७१ च्या चित्रपटात वापरल्यावर १९७२ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर सहा आठवडे राहिले, आणि वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक फ्लॅक यांना त्यासाठी आणि नंतर आणखी एका गाण्यासाठी असे लागोपाठ दोन वर्षे मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सप्तके मोजण्याची पद्धत त्यांना लावली, तर या गाण्याबद्दल लिहायला काहीच उरत नाही.

व्हिटनी ह्यूस्टन यांच्याबाबतीत तर मोजण्याचा मोह फारच होतो. आई सिसी ह्यूस्टन या अरेथा यांच्या मागे साथीला गाणाऱ्या चमूतल्या, गायिका डिऑन वॉरविक या नात्याने बहीण, आणि लहानपणापासून न्यूअर्कमधल्या चर्चमध्ये झालेला रियाज. अशा घरातून आलेल्या या आवाजाची झेप खरोखरच थक्क करणारी होती. पण ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे १९९२ चे गाणे आठवताना सगळे शेवटच्या उंच स्वराबद्दल बोलतात, आणि मला मात्र त्याची सुरुवात जास्त मोलाची वाटते. पाऊण मिनिटाच्या आसपास एकही वाद्य नाही. स्वर धरायला आधार नाही, ठेका नाही, फक्त गळा आहे आणि तो मुद्दाम खालच्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखा ठेवलेला आहे. तिथे किंचितही घाई केली असती तर पुढचा डोलारा उभा राहिला नसता. नंतर शेवटच्या चढणीपूर्वी सगळे थांबते, क्षणभर पूर्ण शांतता होते, ढोलाचा एकच ठोका पडतो आणि गाणे एका स्वराने वरच्या पट्टीत उचलले जाते. लोकांच्या अंगावर काटा येतो तो उंचीमुळे, असे आपण समजतो. माझ्या मते तो त्या आधीच्या शांततेमुळे येतो. हे गाणे १४ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. मूळ गाणे डॉली पार्टन यांनी लिहून १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेले, अगदी साधे, निरोप घेणाऱ्या माणसाने पुटपुटावे तसे. एल्व्हिस प्रेस्ली यांना ते गायचे होते, परंतु त्यांच्या व्यवस्थापकाने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले तेव्हा पार्टन यांनी नकार दिला होता. एका बाईने आपल्या कामाची किंमत ओळखून धरलेला तो हट्ट मला आजही फार आवडतो.

हरकती आणि मुरक्यांबद्दलही थोडे लिहायला हवे. एका अक्षरावर अनेक स्वर फिरवण्याची ही पद्धत गॉस्पेलमधून, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगायनातून, सोलमध्ये आली आणि १९९० मध्ये मराया कॅरी यांचे पहिले गाणे गाजल्यानंतर पॉपमध्ये सर्वत्र पसरली. कॅरी यांच्या स्वतःच्या गाण्यात बहुतेक ठिकाणी त्या फिरतीला कारण असते. वाक्य जिथे शब्दांत मावत नाही तिथे ती येते. त्यांचे अनुकरण करणाऱ्या कित्येकींच्या गाण्यात हे कारण ऐकू येत नाही, आणि गायन स्पर्धांच्या कार्यक्रमांनी तर प्रत्येक ओळीच्या शेवटी वेलबुट्टी काढणे हीच योग्यता ठरवून टाकली. कॅरी यांच्याकडे ऐकू येणाऱ्या शिट्टीसारख्या अतितार स्वरांचीही तीच गत आहे. मिनी रिपर्टन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या आपल्या गाण्यात ते स्वर वापरले तेव्हा ते बाळाजवळ गुणगुणावे इतके हळुवार होते, त्यात कोणाला जिंकायचे नव्हते. १९७९ मध्ये त्या अवघ्या ३१ व्या वर्षी गेल्या.

आता खालच्या आवाजांविषयी, आणि इथे मला माझ्या स्वतःच्या अनुभवाविषयी लिहिणे भाग आहे. लहानपणी गाणे शिकायला गेले असताना माझा आवाज सर्व मुलींच्या पट्टीपेक्षा खाली लागत असे. शिकवणाऱ्यांनी मला ताणून वर गायला लावले, आणि ते जमेना तेव्हा हा आवाज मुलीचा वाटत नाही असे सर्वांसमोर सांगून मागच्या रांगेत बसवले. मी गाणे सोडले. त्यानंतर कित्येक वर्षांनी कॅरेन कार्पेंटर यांचा आवाज कानांवर पडला, आणि पहिल्या ओळीतच कोणीतरी माझ्या शेजारी येऊन बसल्याचा भास झाला, हे मी अजून विसरलेले नाही. तो आवाज खालच्या स्वरांत जसजसा उतरतो तसतसा अधिक भरीव होतो. खाली जाताना बहुतेक आवाज हवेशीर आणि पोकळ होतात. यांचा तिथे घरी पोहोचल्यासारखा स्थिरावतो. मायक्रोफोनच्या अगदी जवळून, कुजबुजीच्या पातळीवर गाऊनही प्रत्येक व्यंजन स्वच्छ ठेवण्याची त्यांची हातोटी होती, आणि त्या मुळात ड्रम वाजवणाऱ्या असल्यामुळे शब्द ठेक्यावर कुठे ठेवायचा याबाबत त्यांच्याकडून चूक होत नसे. त्यांच्या गाण्यांत मागे जो कोरस ऐकू येतो, तो बहुतांशी त्यांनी व त्यांच्या भावाने आपलेच आवाज थरावर थर चढवून तयार केलेला आहे. १९८३ मध्ये ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरचे जवळजवळ प्रत्येक लेखन त्यांच्या आजारापासून सुरू होऊन आजारापाशीच संपते, म्हणून मी इथे त्याचा याहून अधिक उल्लेख करत नाही.

नीना सिमोन यांचा आवाजही असाच खर्जाकडे झुकलेला. त्यांना गायिका व्हायचेच नव्हते. १९३३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेल्या या मुलीला अभिजात संगीतातली पियानोवादक व्हायचे होते. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने प्रवेश नाकारला, आणि तो वर्णामुळे नाकारला गेला असे त्या आयुष्यभर मानत आल्या. पोटासाठी अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये पियानो वाजवायला लागल्या, तेव्हा मालकाने गायचेही असेल तरच काम मिळेल अशी अट घातली. नोकरीच्या अटीतून सुरू झालेला हा आवाज पुढे १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्यानंतर ज्या तडफेने उसळला, तो ऐकताना त्याला गोड म्हणावे की नाही हा प्रश्नच मनात येत नाही. तो काही ठिकाणी खरखरीत होतो, काही ठिकाणी स्वराच्या किंचित खाली राहतो, आणि पियानोवरचे हात मात्र त्याच वेळी अत्यंत काटेकोर असतात. सादे यांच्याकडे याच खालच्या पट्ट्याचा वेगळाच उपयोग आहे. नायजेरियात जन्मून ब्रिटनमध्ये वाढलेली ही गायिका १९८४ च्या पहिल्या अल्बमपासून आजवर आवाज ताणताना जवळजवळ आढळत नाही. मोठ्याने सांगण्याची गरज नसलेल्या माणसासारखी ती गाते. स्त्रीचा आवाज म्हणजे पातळ आणि उंच, या कल्पनेने जगभर किती मुलींना मागच्या रांगेत बसवले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणून आपल्या पुरवणीत या खालच्या आवाजांवर एखादा स्वतंत्र लेख यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गाणे हे शरीराचे श्रम आहेत, हेही लिहिले जात नाही. पियानोच्या मधल्या भागातला ए हा स्वर लावताना गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आदळतात, आणि वरच्या सप्तकात हा आकडा दुप्पट होतो. पूर्ण जोराने, छातीतून गाणारी गायिका संध्याकाळभर हे करत असते. अडेल यांच्या स्वरतंतूंतून रक्तस्राव झाल्यामुळे त्यांना दौरा थांबवून नोव्हेंबर २०११ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. फेब्रुवारी २०१२ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्या पुन्हा गायल्या आणि त्याच रात्री सहा पारितोषिके त्यांना मिळाली. धावपटूच्या गुडघ्याविषयी आपले क्रीडा पान बारकाईने लिहिते, तितक्याच बारकाईने गळ्याविषयी का लिहू नये, हे मला समजत नाही.

एमी वाइनहाउस यांच्या बाबतीत मला राग येतो, तो लपवत नाही. जुलै २०११ मध्ये २७ व्या वर्षी त्या गेल्या, त्यानंतर जे छापून आले त्यात व्यसने, छायाचित्रे आणि वयाचा आकडा एवढेच होते. त्यांनी सारा व्हॉन आणि डायना वॉशिंग्टन या जॅझ गायिकांकडून काय उचलले होते, ओळीचा पहिला शब्द ठेका पडून गेल्यावर मुद्दाम उशिरा टाकून शेवटच्या दोन शब्दांत त्या हिशेब कसा चुकता करत, हे क्वचितच कोणी लिहिले. त्यांच्या २००६ च्या प्रसिद्ध अल्बममध्ये साथ करणारा डॅप-किंग्ज हा वाद्यवृंद शॅरन जोन्स यांचा होता, आणि या जोन्स यांचे नाव तर आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांना माहीत असेल. त्यांनी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात रक्षक म्हणून नोकरी केलेली होती. रूप, रंग, उंची आणि वय यांवरून ध्वनिमुद्रण कंपनीच्या माणसाने नाकारल्याचे त्या सांगत. त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा त्या चाळिशीच्या मध्यावर होत्या. रंगमंचावर त्या नाचत गात, तरी दम कधी तुटलेला ऐकू येत नसे, आणि २०१६ मध्ये कर्करोगाने जाण्यापूर्वी उपचार चालू असतानाही, डोक्यावर केस नसतानाही, त्या तशाच गायल्या.

ज्यांचा आवाज जगाने ऐकला आणि चेहरा किंवा नाव मात्र दुसऱ्याचे पाहिले, अशा गायिकांचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे करता येणार नाही. डार्लीन लव्ह यांनी १९६२ मध्ये गायलेले एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, पण तबकडीवर नाव होते द क्रिस्टल्स या चमूचे, आणि त्या चमूतल्या मुलींनी ते गायलेच नव्हते. मार्था वॉश यांचा दणदणीत आवाज १९९० च्या सुमारास नृत्यसंगीताच्या अनेक ध्वनिमुद्रिकांवर होता, परंतु चित्रफितींत त्यांच्याऐवजी सडपातळ तरुणी ओठ हलवताना दिसत. वॉश न्यायालयात गेल्या, आणि त्यांच्या लढ्यानंतर गाणाऱ्याचे नाव छापण्याबाबत कंपन्यांना सावध व्हावे लागले. यांतले सर्वांत बोलके उदाहरण मला क्लेअर टॉरी यांचे वाटते. जानेवारी १९७३ मध्ये पिंक फ्लॉइड या चमूने त्यांना लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावले आणि एका वाद्यरचनेवर शब्दांविना काहीतरी गा असे सांगितले. स्वतःला एक वाद्य समजून त्यांनी काही फेऱ्यांत जे गायले, तेच आज ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ म्हणून जगाला माहीत आहे. मानधन ३० पौंड. आपण गायलेले वापरले गेले हेही त्यांना दुकानात अल्बम पाहिल्यावर कळले. २००४ मध्ये त्यांनी दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या गाण्याच्या रचनाकारांत त्या चमूतले रिचर्ड राइट यांच्या जोडीने टॉरी यांचे नाव छापले जाते. शब्द नाहीत, लिहून दिलेली चाल नाही, आणि तरीही गाणाऱ्या बाईला रचनाकार मानायला जवळजवळ ३२ वर्षे लागली.

म्हणून आपणाला माझी विनंती आहे. एखाद्या गायिकेविषयी लेख छापताना लेखकाने तिचे निदान एक गाणे हाती घेऊन, त्यातली एखादी जागा वाचकाला कानांनी दाखवावी. मागे साथ करणाऱ्यांची नावे उपलब्ध असतील तर ती द्यावीत. गाणे दुसऱ्या कोणी आधी गायलेले असेल तर दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून काय बदलले हे सांगावे, कारण गायिकेचे कर्तृत्व त्या फरकात सर्वांत स्पष्ट ऐकू येते. मृत्युलेखात आजारापेक्षा आवाजाला जास्त ओळी मिळाव्यात. आणि वयाने पिकलेल्या आवाजांना उतरती कळा लागली असे लिहिण्याची घाई करू नये. फेब्रुवारी १९९८ मध्ये ऑपेरा गायक लुचानो पावारोत्ती यांचा घसा बिघडला तेव्हा ग्रॅमी सोहळ्यात ऐन वेळी अरेथा फ्रँकलिन उभ्या राहिल्या आणि पुरुष गायकासाठी ठरवलेल्या पट्टीतच, तयार बसलेल्या वाद्यवृंदाबरोबर, त्यांनी ‘नेसुन दोर्मा’ ही ऑपेरातली प्रसिद्ध चीज गाऊन दाखवली. तेव्हा त्या ५५ वर्षांच्या होत्या.

ज्या वाचकांना मी म्हणते ती दाद प्रत्यक्ष ऐकायची असेल त्यांच्यासाठी एक जागा सुचवते. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्स या चमूने लॉस एंजेलिसमध्ये ‘गिमी शेल्टर’ या गाण्यासाठी मेरी क्लेटन यांना मध्यरात्री झोपेतून उठवून बोलावले. त्या गरोदर होत्या, केसांना कर्लर लावलेले होते, तशाच त्या स्टुडिओत आल्या आणि थोड्याच वेळात काम उरकून गेल्या. मूळ अल्बमवर त्यांचे नावही चुकीच्या अक्षरांत छापले गेले. गाणे साधारण तीन मिनिटांपर्यंत आले की त्या एकट्या गातात, दर ओळीला आणखी जोर लावतात आणि एका शब्दावर त्यांचा आवाज फाटतो. तो फाटलेला स्वर त्यांनी तसाच राहू दिला आणि पुढच्या ओळीला त्याहून जास्त जोर लावला. नीट कान दिला तर त्याच क्षणी मागे त्या चमूचे गायक मिक जॅगर यांच्या तोंडून न राहवून निघालेला आनंदाचा उद्गार ऐकू येतो. तोही ध्वनिमुद्रणात राहिला आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक